हातावर पोट असणाऱ्यांचा हात

मराठी भाषेने हाताला जेवढा मान दिला आहे तेवढा शरीराच्या दुसऱ्या कोणत्याही अवयवाला दिला असेल असे वाटत नाही. मदत केली की हातभार, कसब आले की हातखंडा, विश्वासू माणूस मिळाला की तो उजवा हात, पैशाला तुच्छ लेखायचे तर तो हातचा मळ, आणि रोज कमावले तरच ज्याची चूल पेटते त्याचे पोट हातावर. पण हाच हात दुखू लागला की एवढ्या श्रीमंत भाषेपाशी एकच शब्द उरतो : वात. खांदा वर जात नाही, वात आहे. बोटांना मुंग्या येतात, वात आहे. मनगट सुजले, वाताने धरले. पन्नाशी उलटली की होणारच! एवढे बोलून झाले की तेलाची बाटली पुढे सरकते आणि विषय संपतो.

या ‘होणारच’विरुद्ध मला चार शब्द लिहायचे आहेत. मी वैद्यकाचा विद्यार्थी नाही. कला शाखेच्या माणसाने सांध्यांवर लिहावे याचे काहींना हसू येईल, तर येवो. खांद्यापासून बोटांच्या पेरांपर्यंतची पुष्कळशी दुखणी कामातून उद्भवतात. जी कामातून उद्भवत नाहीत तीही कामाने वाढतात. आणि दोहोंच्याही उपचारात कामातला बदल हा मोठा भाग असतो. आता काम कोणी करायचे, किती करायचे आणि विसावा कोणाच्या वाट्याला यायचा, हे प्रश्न तर आपल्या अर्थशास्त्राच्या आणि समाजशास्त्राच्या तासालाच शिकवले जातात. तेव्हा हा विषय जितका डॉक्टरांचा तितकाच आपलाही आहे.

ही गोष्ट नवी नाही. इटलीत बेर्नार्दिनो रामाझ्झिनी नावाचा एक वैद्य होऊन गेला. कामकऱ्यांच्या रोगांवरचा त्याचा ग्रंथ १७०० साली मोडेना येथे प्रसिद्ध झाला. रुग्णाला काय काय विचारावे याची यादी हिप्पोक्रेटिसच्या परंपरेने घालून दिली होती. रामाझ्झिनीने त्यात एका प्रश्नाची भर घातली. तुम्ही काय काम करता? एवढाच तो प्रश्न. ग्रंथाच्या १७१३ च्या आवृत्तीत त्याने लेखनिकांविषयीही लिहिले. सतत बसून राहणे, हाताची तीच ती हालचाल आणि हिशेब चुकू नये म्हणून मनावर असलेला ताण, अशी तीन कारणे त्याने त्यांच्या दुखण्याला दिली. तीन तासांची प्रश्नपत्रिका सोडवून बाहेर पडणाऱ्या आपल्यापैकी कोणालाही ही कारणे समजावून सांगावी लागणार नाहीत.

तर, ‘तुम्ही काय काम करता?’ गेल्या वर्षी आत्याला घेऊन मी एका सरकारी इस्पितळाच्या अस्थिरोग विभागात गेलो होतो. रांग मोठी होती. केसपेपर लिहिणारा तरुण प्रत्येकीला नाव, वय, गाव आणि व्यवसाय विचारीत होता. आत्याच्या पुढे चार बायका होत्या. चौघींनी शेवटच्या प्रश्नाला एकच उत्तर दिले, आणि आत्यानेही तेच दिले : “काही नाही, घरीच असते.” आत गेल्यावर पोक्त डॉक्टरीणबाईंनी तो कागद वाचला, पेन खाली ठेवले आणि म्हणाल्या, “मावशी, पहाटे उठल्यापासून काय काय करता ते सांगा.” आत्याने सांगितले. हातपंपावरून सहा कळश्या, गोठ्यातले शेण, चौदा भाकऱ्या, दोन वेळची भांडी, सगळ्यांचे धुणे आणि त्यात एक दिवसाआड जाड चादरी. बाईंनी तिला उजव्या हाताची मूठ वळून मनगट वर उचलायला सांगितले, स्वतः ते खाली दाबले, आणि कोपराच्या बाहेरच्या बाजूला कळ येताच आत्या ओरडली. “याला टेनिस एल्बो म्हणतात,” बाई म्हणाल्या. आत्या म्हणाली, “अगं बाई, मी कुठे गेले टेनिस खेळायला!”

आत्याचा प्रश्न रास्त होता. हे दुखणे होणाऱ्यांपैकी बहुसंख्य लोकांनी टेनिसची रॅकेट हातात धरलेली नसते. मनगट आणि बोटे मागे उचलणारे स्नायू कोपराच्या बाहेरच्या हाडाला एका कंडरेने जोडलेले असतात. पिळणे, घट्ट धरणे, स्क्रू फिरवणे, पालथ्या हाताने जड उचलणे यांनी त्या कंडरेवर ताण येत राहतो आणि झीज भरून निघण्याआधी नवी झीज होते. गमतीची गोष्ट अशी की १८७३ साली रुंगे या जर्मन डॉक्टरने या दुखण्याची नोंद केली ती लिहिणाऱ्यांच्या हाताविषयी लिहिताना. पुढे दहा वर्षांच्या आत इंग्लंडात लॉन टेनिसची लाट आली, खेळणाऱ्या सद्गृहस्थांची कोपरे दुखू लागली, आणि नाव पडले ते त्यांच्या खेळाचे. धुणाऱ्या बायकांची कोपरे त्याआधी शेकडो वर्षे दुखत असणार. पण या दुखण्याला रूढ झालेले नाव त्यांचे नाही.

आपल्याकडे हा शब्द घरोघरी पोचला तो २००४ साली, सचिन तेंडुलकरच्या कोपरामुळे. त्याला सामने सोडावे लागले, २००५ मध्ये लंडनला शस्त्रक्रिया झाली, आणि त्या कोपराची बातमी आपण पहिल्या पानावर वाचली. त्यात गैर काही नाही. त्या कोपरावर आपलाही आनंद अवलंबून होता. पण त्या निमित्ताने एक गोष्ट साऱ्या देशाने मान्य केली होती की दुखऱ्या हाताला काही महिने कामातून मोकळे करावे लागते. ही मान्यता आपल्या स्वयंपाकघरापर्यंत मात्र आली नाही.

आत्याला मिळालेले उपचार साधे होते. चादरी पिळू नका, निथळत टाका. कळशी एका हाताने उचलू नका. उचलायची तर तळवा वर करून, दोन्ही हातांनी. कोपराखाली बांधायचा एक पट्टा. कळ ओसरू लागली की पाण्याने भरलेली छोटी बाटली हातात धरून मनगट सावकाश खाली सोडण्याचा व्यायाम, आणि दर आठवड्याला पाणी थोडे वाढवायचे. आत्याने सुई मागितली. शेजारणीला एका सुईत आराम पडला होता ना! बाईंनी समजावले, की या दुखण्यात स्टेरॉइडच्या सुईने काही आठवडे बरे वाटते, पण वर्षाच्या हिशेबाने पाहिले तर सुई घेतलेल्यांचे दुखणे न घेतलेल्यांपेक्षा जास्त वेळा उलटते; नुसती काळजी घेतली तरी बहुतेकांचे कोपर वर्षभरात बरे होते. मग त्यांनी माझ्याकडे आणि आतोबांकडे पाहून विचारले, “घरात चादरी पिळायला दुसरे कोण आहे?” या प्रश्नाइतके अचूक औषध मी कोणत्याही चिठ्ठीवर लिहिलेले पाहिले नाही. आतोबा एस. टी. तून निवृत्त झालेले, हात चांगले दणकट. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी चादरी पिळायला घेतल्या. गल्लीत दोन-चार दिवस कुजबुज झाली. पाच महिन्यांनी आत्याचे कोपर दुखायचे थांबले, आणि चादरी आजही आतोबाच पिळतात.

सगळीच दुखणी एवढी सरळ नसतात, हे कबूल केले पाहिजे. खांद्याचेच पाहा. मांडीचे हाड खोल वाटीत बसलेले असते. दंडाचे हाड मात्र बशीवर लिंबू ठेवावा तसे उथळ खोबणीला टेकलेले. वरून, पुढून आणि मागून चार स्नायूंच्या कंडरा त्याला धरून ठेवतात. म्हणून खांदा सर्वांत मोकळेपणाने फिरतो आणि सर्वांत सहज निखळतोही. कबड्डीच्या मैदानावर एखाद्याचा खांदा उतरला की तिथल्या तिथे हात ओढून बसवणारे वीर आपल्या महाविद्यालयातही आहेत. त्यांना विनंती, की हाड मोडलेले असले किंवा काखेतून जाणारी नस ताणली गेली तर त्या ओढण्याने मोठे नुकसान होते. हात झोळीत घालून इस्पितळ गाठावे. क्ष-किरण चित्र काढून, भूल किंवा वेदनाशामक देऊन तो नीट बसवता येतो. पहिल्यांदा निखळलेला तरुण खांदा पुन्हा निखळण्याचा संभव बराच असतो, म्हणून नंतरचे व्यायाम टाळू नयेत.

पण घरोघरी आढळतो तो आखडलेला खांदा. १९३४ साली कॉडमन या अमेरिकन शल्यविशारदाने त्याला ‘गोठलेला खांदा’ असे नाव दिले. डॉक्टर आजही ‘फ्रोझन शोल्डर’ म्हणतात. सुश्रुतसंहितेत ‘अवबाहुक’ नावाने जी खांद्याची व्याधी सांगितली आहे तिच्याशी हा विकार बराच जुळतो. म्हणजे दुखणे पुराणे आहे. साधारण चाळीस ते साठ या वयात, स्त्रियांत अधिक आणि मधुमेह्यांत फारच अधिक. सांध्याभोवतीचे आवरण सुजते, मग जाड होऊन आकसते. आधी काही महिने रात्रीची झोप उडवणारी वेदना, मग वेदना कमी पण हात जखडलेला, आणि शेवटी हळूहळू सुटका, असा त्याचा एक ते तीन वर्षांचा फेरा असतो. या काळात बाईला मागे हात नेऊन वेणी घालता येत नाही, फळीवरचा डबा निघत नाही, पुरुषाला मागच्या खिशातले पाकीट काढता येत नाही. घरातले म्हणतात, नाटक करते. कारण बाहेरून काहीच दिसत नाही, सूज नाही, क्ष-किरण चित्रही बहुधा चांगलेच येते.

इथे विसावा हेच औषध समजून हात गळ्यात अडकवून ठेवला तर खांदा आणखी आखडतो. दुखणे सोसवेल इतपत हात हलता ठेवायचा : पुढे वाकून लोलकासारखा झुलवायचा, भिंतीवर बोटांनी वर वर चढायचे, टॉवेलचे एक टोक वरून आणि एक खालून धरून पाठीमागे ओढायचे. या दुखण्यात सांध्यात दिलेली सुई सुरुवातीच्या महिन्यांत खरोखर उपयोगी पडते, आणि वर्षभरातही फरक नसेल तर भूल देऊन सांधा मोकळा करता येतो. असा खांदा झालेल्याने रक्तातली साखर एकदा जरूर तपासावी. मधुमेहाचा पत्ता खांद्यावरून लागलेली माणसे आहेत. आणि एक इशारा. चालताना, जिना चढताना डावा खांदा किंवा हात भरून येत असेल, छाती दडपत असेल, घाम फुटत असेल, तर खांदा बाजूला ठेवून आधी हृदय दाखवावे.

हाडवैद्यांविषयी लिहिल्याशिवाय हा लेख पुरा व्हायचा नाही. त्यांची थट्टा करण्याची आपल्याकडे एक पद्धत आहे; ती मला पसंत नाही. गावात रात्री अकरा वाजता दार उघडणारा तोच एक माणूस असतो, आणि साध्या मुरगळण्याला त्याच्या निर्गुडीच्या शेकाने बरे वाटते हेही खरे. पण मूल आंब्यावरून किंवा जांभळावरून पडते आणि त्याचे कोपर सुजते, तिथे माझी सहनशीलता संपते. कोपराच्या वरचे हाड मोडले असताना तेल चोळले तर स्नायूतच हाड धरू लागते आणि कोपर कायमचे ताठ होते. बांबूच्या कामट्या लावून करकचून बांधले तर आतला रक्तप्रवाह कोंडतो. काही तासांत स्नायू मरू लागतात आणि पुढे बोटे पक्ष्याच्या नखांसारखी आत वळतात. जर्मनीतील फोल्कमान या शल्यविशारदाने १८८१ साली याचे कारण घट्ट बंधनात आहे हे दाखवून दिले. बांधल्यानंतर मुलाचे रडणे वाढत गेले, बोटे सरळ करताना ते किंचाळू लागले, बोटे पांढरी, गार किंवा बधिर पडली, तर बंधन त्या क्षणी सोडावे आणि मिळेल त्या वाहनाने इस्पितळ गाठावे. ‘सकाळी पाहू’ हे शब्द इथे हात घेऊन जातात. एवढे वाक्य प्रत्येक शाळेच्या भिंतीवर रंगवले तरी माझी हरकत नाही.

मनगटातून नऊ कंडरा आणि एक नस असा दाटीवाटीचा प्रवास चालतो. खाली हाडे, वर एक जाड पट्टा, मध्ये अरुंद बोगदा. आत थोडी जरी सूज आली तरी चेपली जाते ती नस, आणि मग अंगठा, तर्जनी, मधले बोट आणि अनामिकेचा अर्धा भाग यांना मुंग्या येतात. करंगळी सुटते, ही खूण लक्षात ठेवण्याजोगी आहे. रात्री जाग येते, माणूस उठून हात झटकतो, बरे वाटते, पुन्हा झोपतो. गरोदरपणात, मधुमेहात, थायरॉइडच्या कमतरतेत आणि मनगट वाकवून, जोर लावून किंवा हादरे सोसत काम करणाऱ्यांत हे अधिक. रात्री मनगट सरळ ठेवणारी पट्टी बांधली तरी पुष्कळांना उतार पडतो. अंगठ्याच्या बुडाचा मांसल भाग रोडावू लागला, हातातून कप निसटू लागला, तर मात्र दिवस घालवू नयेत. पट्टा कापून नस मोकळी करण्याची शस्त्रक्रिया लहान आणि भरवशाची आहे. उशीर केला तर नस मोकळी होऊनही गेलेली ताकद परत येईलच असे नाही.

अंगठ्याच्या बाजूला मनगटात उठणारी कळ वेगळी. स्विस डॉक्टर द कर्व्हँ याने १८९५ साली तिचे वर्णन केले. ती होते विशेषतः बाळंतिणींना. बाळाला काखेत दोन्ही अंगठे घालून दिवसातून पन्नास वेळा उचलल्यावर अंगठ्याच्या कंडरांचे आवरण सुजते. अंगठ्याला आधार देणारी पट्टी, बाळाला तळव्यांवर तोलून उचलणे, गरज पडल्यास एक सुई, एवढ्याने बहुधा भागते. पण बाळंतिणीच्या अंगठ्याकडे कोण पाहणार? सगळ्यांचे डोळे बाळाकडे. आजी मात्र म्हणते, “ओल्या अंगाने पाण्यात हात घातलास म्हणून!”

म्हातारपणी हात टेकून पडल्यावर मनगट मोडते तेही असेच ‘व्हायचेच’ मानले जाते. आयर्लंडच्या अब्राहम कॉलीसने १८१४ साली, क्ष-किरणांचा शोध लागण्याच्या एक्याऐंशी वर्षे आधी, नुसत्या हाताने चाचपून हे मोडणे ओळखायला शिकवले. साठीच्या बाईचे मनगट साध्या पडण्याने मोडले, तर प्लास्टर काढल्यावर विषय संपत नाही. हाडे ठिसूळ झाल्याची ती पहिली सूचना असते, आणि पुढचे मोडणारे हाड खुब्याचे असू शकते.

बोटांच्या बाबतीत एकच भेद प्रत्येक घराने शिकून घ्यावा असे मला वाटते. बोटांच्या टोकाच्या सांध्यांवर टणक गाठी येणे, अंगठ्याचे बूड दुखणे, सकाळी हात थोडा वेळ जड वाटून मग सैल होणे, ही झीज. गरम पाणी, मलम, जाड मुठीची विळी-चमचे, हलका व्यायाम, यांवर माणूस वर्षानुवर्षे चांगले काम करतो. पण दोन्ही हातांची मुळाची पेरे आणि मनगटे एकदम सुजली, सकाळी अर्धा-एक तास मूठ वळेना, अंगात कसर आणि थकवा असेल, तर तो संधिवात वेगळा. तिथे शरीराची संरक्षक शक्तीच सांध्यावर उलटलेली असते. पुरुषांपेक्षा स्त्रियांत तो दुप्पट-तिप्पट आढळतो, आणि म्हातारपणाची वाट न पाहता तिशी-चाळिशीतही गाठतो. यात पहिले काही महिने सोन्याचे असतात. मेथोट्रेक्सेटसारखी औषधे वेळेवर सुरू झाली तर बोटे वाकडी होणे पुष्कळ अंशी टळते. ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. चुकून रोज घेतल्याने जीव धोक्यात आल्याची उदाहरणे आहेत. चित्रकार रेन्वार १९१९ साली मरेपर्यंत या रोगाने वेड्यावाकड्या झालेल्या हातांनी चित्रे काढीत राहिला, आणि त्याच्या जिद्दीचे आपण कौतुक करतो. मला मात्र वाटते, की आज त्याला जिद्दीची एवढी गरज पडली नसती.

ती पहिली सोन्यासारखी वेळ आपण कशात घालवतो? पुड्यांत! बाजारच्या दिवशी मिळणाऱ्या नाव-गाव नसलेल्या पुड्या. दोन दिवसांत जादू होते, कारण अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले अनेकदा सापडले आहे. वर्षभराने चेहरा सुजतो, साखर चढते, हाडे पोकळ होतात, आणि पुडी एकाएकी बंद केली तर माणूस कोसळतो.

मी हे सारे बोलू लागलो की एक वडीलधारे हमखास म्हणतात, “पूर्वीच्या बायका जात्यावर पायली पायली दळत, विहिरीतून पाणी शेंदीत, त्यांना कुठे काय होत होते?” होत नव्हते हे यांना कोणी सांगितले? त्यांचा केसपेपर कुठे निघाला होता? त्यांच्या दुखऱ्या खांद्याची दप्तरी नोंद नाही म्हणून खांदा दुखत नव्हता, असा न्याय इतिहासाच्या विद्यार्थ्याने तरी मान्य करू नये.

आणि घराबाहेरच्यांचे काय? ऊसतोडीला जाणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला आपल्याकडे ‘एक कोयता’ म्हणून मोजतात. माणसे दोन, नाव हत्याराचे. हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतलेली असते. तोडणीचा हात मनगटात दुखतो, मोळी डोक्यावर चढवणारा खांद्यात. डॉक्टरने ‘पंधरा दिवस विश्रांती’ लिहिली तर ते पंधरा खाडे होतात आणि खाड्याचे पैसे कापले जातात. सोलापुरात विडी वळणाऱ्या बायकांची मजुरी हजार विड्यांवर ठरते. अंगठा आणि तर्जनी थांबली की मजुरी थांबली. डॉक्टरची चिठ्ठी वाचता येते, घेता येते, पण पाळता येत नाही, ही अवस्था अज्ञानामुळे येत नाही. म्हणून ‘लोकांत जागृती हवी’ हे नेहमीचे वाक्य लिहून मोकळे व्हायला मी तयार नाही. दुखणाऱ्या हाताला पगारी विसावा मिळणे हा उपचाराचा भाग आहे, आणि तो ज्याच्या हातात आहे तो मुकादम, कारखाना, सरकार आणि घरातला कर्ता पुरुष या सर्वांचे नाव चिठ्ठीवर आले पाहिजे.

आपल्या चार भिंतींतही पाहावे. आमचे प्राध्यापक तास तास हात खांद्याच्या वर धरून फळ्यावर लिहितात. फळा वीतभर खाली घ्यायला किती खर्च येईल? बाकावर कोपर टेकून टेकून त्याच्या टोकाला पाण्याची पिशवी यावी तशी जी गाठ येते तिला इंग्रजीत ‘विद्यार्थ्याचे कोपर’ असेच नाव आहे. (ती आमच्या वर्गात कोणाला अभ्यासाने आल्याचे ऐकिवात नाही.) टेकणे बंद केले की ती बहुधा जिरते, लाल, गरम झाली तर मात्र दाखवावी. रात्री उशिरापर्यंत मोबाइलवर चालणारे अंगठे तर सर्वांच्या परिचयाचे आहेत. आणि ग्रंथालयात जाड खंडांचे गठ्ठे वरच्या कप्प्यात चढवणारे मामा, रोज सोळा वर्ग झाडणाऱ्या बाई, यांना खांदा कसा आहे असे आपल्यापैकी किती जणांनी विचारले आहे?

राष्ट्रीय सेवा योजनेचे आपले हिवाळी शिबिर दरवर्षी सात दिवस भरते, आणि स्वयंसेवक घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरतात. माझी सूचना त्या फॉर्मपुरती आहे. त्यात बायांसाठी ‘व्यवसाय’ या शब्दापुढे दोन बोटे जागा असते आणि तिथे ‘गृहिणी’ असे लिहून आपण पुढच्या घरी जातो. ती जागा अर्धे पान करावी. पहाटे उठल्यापासून रात्री निजेपर्यंत हाताने काय काय केले ते त्या सांगतील तसे लिहून घ्यावे. मग चार गोष्टी विचाराव्यात : रात्री बोटांना मुंग्या येऊन जाग येते का, वेणी घालायला हात मागे जातो का, सकाळी मूठ वळायला किती वेळ लागतो, आणि पिळताना कोपर किंवा अंगठा दुखतो का. ज्यांची उत्तरे काळजीची असतील त्यांची यादी शेवटच्या दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांच्या हाती द्यावी. आणि फॉर्म भरताना घरातला पुरुष ओट्यावर बसलेला असेल, तर शेवटचा प्रश्न त्याला विचारावा : चादरी कोण पिळते?